सीताबाईचा फणसोंबा

निडी गावात सीताबाईचं नाव निघालं की लेकुरवाळ्या बायांना तिचा फणस आठवायचा. गऱ्यांसाठी नव्हे. त्याच्या खोडाला घोड्याच्या खुरासारखी टणक, काळी आळंबी धरायची, तिच्यासाठी. फणसोंबा म्हणतात तिला. तान्ह्याची लाळ थांबत नसली, तोंड आलं असलं, की पार रोह्यापासून बाया यायच्या. सीताबाई कोयत्यानं एक ढलपी काढायची, सहाणेवर तुपात उगाळून पोराच्या जिभेला चाटवायची. बदल्यात काही घ्यायची नाही. "देवानं परसात आणून दिलंय, मी कोण इकणारी?"

पहिला फणसोंबा आला होता वादळात मोडलेल्या फांदीच्या बुडाशी. नवरा करवत घेऊन निघाला, उरलेला ठोंब साफ करायला. ही आडवी उभी राहिली. "सासूबाय यासाठी रान तुडवायच्या, न् तुमी दारात आलेलं कापताव?" नवऱ्यानं करवत खुंटीला लावली. पुढे तो गेला. फणसोंबे वाढत राहिले.

यंदा फणसाची घराकडची बाजू पिवळी पडली. कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, मुठीएवढ्या होऊन गळाल्या. सीताबाईनं शेणखत घातलं, कळशीनं पाणी ओतलं, मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. लेक रितेश कंपनीतून शिफ्ट करून आला की वर बघायचा.

"आये, हा घरावर यायचा हाय."

"तुज्या आधीपासून उभा हाय तो. तुज्यावानी वाकडा नाय."

भाताची पाहणी करायला कृषी खात्याची नमिता आली, तेव्हा सीताबाईनं तिला हाताला धरून परसात नेलं. नमितानं कोयत्याच्या पाठीनं खोड ठोकलं. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.

"आजी, ही बुरशी. आतून झाड खाऊन झालं की बाहेर दिसते."

"बुरशी कसली गो! औषध हाय ता."

"माणसाला असेल. झाडाचा हा रोगच."

"मंग मोरचूद न् चुना लावतंय."

"तो ताज्या जखमेला. ही फांदी मोडली तेव्हाच ठोंब कापून लावला असतात तर..." म्हातारीचं तोंड बघून नमिता थांबली. मग हळूच म्हणाली, "पाडा आता. आणि आळंबी एकूणएक जाळा, नाहीतर विहिरीकडचा धाकटा फणसही जाईल."

तरी सीताबाईनं मोरचूद कालवून खोड निळं केलं. महिन्यात ती बाजू वाळली.

वाडीवरच्या मोतीरामनं झाड पाडलं. आत त्याचा कोपरापर्यंत हात गेला. पांढुरका, ओलसर भुगा. "आये, दाराच्या फळ्या ऱ्हाऊ दे, चुलीला बी नाय चालायचा," मोतीराम म्हणाला.

सीताबाईनं फणसोंबे गोळा करून जाळ केला. तेवढ्यात गावातली शांती आपल्या तान्ह्या नातवाला घेऊन आली.

"काकी, एक तरी ठेव गो. पोर दूध धरीत नाय."

"नाय गो. दवाखान्यात ने."

"सगल्या गावाला दिलंस, न् माज्या नातवाच्या वाट्याला राख?"

खरं कारण सांगायचं, तर फणस आपणच या रोगाला चारला, हे सांगावं लागलं असतं. सीताबाईनं शेवटचा फणसोंबा जाळात टाकला.

"म्हातारपणी हात आखडला बयेचा," शांती फाटकातून ओरडली.

ते वाक्य रोह्याला पोचायला दोन दिवस लागले. त्यानंतर पोर घेऊन कुणी आलं नाही.