उमरग्याला बसवलेली काच

बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात मी आमच्या तालुक्याच्या सहकारी संघाच्या चेअरमनची गाडी चालवत होतो. संघाची एक जीप होती, पण ती खत-बियाण्याच्या कामाला. चेअरमनसाहेबांची स्वतःची गाडी निराळी. मुंबईत कुठल्याशा परदेशी वकिलातीनं लिलावात काढलेली, जीपसारखी उंच आणि आतून दिवाणखान्यासारखी. गाद्या मऊ, काचा काळसर हिरव्या. त्या काचांना हँडल नव्हतं. बटण दाबलं की आपोआप वर-खाली व्हायच्या, तेही चावी लावलेली असली तरच. मागची दारं तर आतून उघडतच नसत, बाहेरूनच उघडावी लागत. गाडी कुठं उभी राहिली की नुसती ती गंमत बघायला माणसं जमायची.

मी संघाच्या गोदामामागच्या खोलीत राहायचो. आई गेल्यावर बुद्धवाड्यातल्या घराला कुलूप घालून तालुक्याला आलो होतो. लग्न झालं नव्हतं. ड्रायव्हरला दिवसभर माणसं भेटतात, पण ती सगळी पाठीमागं बसलेली असतात. संध्याकाळी गाडी लावून खोलीवर आलो की आज आपण कुणाशी काय बोललो हे आठवायचा मी प्रयत्न करायचो. बहुतेक वेळा ‘हो साहेब’ एवढंच आठवायचं.

साहेबांचे वडील बंगल्यातच राहायचे. त्यांना सगळे आबा म्हणत. बायको वारल्यावर लेकानं त्यांना गावाकडून आणलं होतं. बंगल्यात त्यांना पंख्याची खोली होती, वेळेवर चहा-जेवण होतं, कशाला कमी नव्हतं. तरी ते दिवसभर फाटकाजवळच्या कट्ट्यावर काठीवर हनुवटी टेकून बसलेले असत. मी गाडी पुसायला लागलो की नुसते बघत राहायचे. त्यांच्या-माझ्यात बोलण्यासारखं काही आहे असं दोघांनाही वाटत नसावं.

त्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका माळावर संघानं जनावरांची छावणी चालवायला घेतली होती. चारा ट्रकनं यायचा, कडबा कापायचं मशीन दिवसभर घरघरायचं. आबांच्या गावची जनावरंही तिथंच होती. एके दिवशी साहेब छावणी बघायला निघाले तेव्हा आबा म्हणाले, “मलाबी ने. गावची माणसं दिसतील.”

छावणीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं होतं. साहेब उतरता उतरता म्हणाले, “काचा लावून घे, धूळ जाते. चावी इकडं दे. तू जाऊन चाऱ्याचा ट्रक बघ, किती उतरवला ते.”

“आबा आत हायेत, साहेब.”

“त्यांना मी उतरवून घेतो. ही माणसं भेटली की आलोच.”

मी गेलो. साहेबांना माणसांनी वेढा घातला आणि बोलत बोलत ते तसेच ऑफिसच्या तंबूत गेले. मी ट्रकाशी होतो तेव्हा गाडीकडं गलका झाला. धावत आलो तर मागच्या दाराची काच फुटलेली होती. ज्वारीच्या दाण्यांएवढे तिचे तुकडे खाली मातीत पडले होते. आबा आत गादीवर, तोंडाला कोरड, घामानं सदरा अंगाला चिकटलेला, नजर कुठंच नाही. दाराबाहेर एक म्हातारा शेतकरी उभा होता. गाडीच्या सावलीला तंबाखू मळत बसला होता म्हणे. त्याच्या खांद्यावर, पटक्यावर काचेचे दाणे चमकत होते.

साहेब तंबूतून आले. भोवती गर्दी. त्यांनी एकदा आबांकडं पाहिलं, एकदा फुटक्या दाराकडं. मग त्या म्हाताऱ्याला विचारलं, “कुणी मारला दगड?”

“दगड न्हाय साहेब. म्या नुसता सावलीला बसलो हुतो.”

“संघाचा चारा खायचा आणि वर दगड मारायचा?” साहेबांचा आवाज चढलेला नव्हता. छावणीच्या मुकादमाकडं वळून ते म्हणाले, “याची बैलं छावणीत नकोत.”

मी हळूच म्हणालो, “साहेब, काच आतनं फुटल्यासारखी दिसतीय. तुकडे समदे भाईर पडलेत.”

“तू गाडी काढ. आबांना डॉक्टरकडं ने.”

आबांना ऊन लागलं होतं. तापानं ते बरेच दिवस पडून होते. छावणीतलं काही त्यांच्या कानावर जाऊ नये अशी घरात सगळ्यांना ताकीद होती. गाडीच्या दाराला मी पोतं बांधून टाकलं होतं. परदेशी गाडीची काच सोलापुरात मिळाली नाही. कुणीतरी सांगितलं, उमरग्याला हायवेवर ट्रकांच्या काचा बसवणारे आहेत, ते काहीतरी जमवतील. साहेब दौऱ्यावर होते. मला निरोप आला, गाडी घेऊन जा.

सकाळी गाडी काढत होतो तर आबा काठी टेकत आले. तापानं पार वाळले होते.

“कुठं रं?”

“उमरग्याला. काच बसवायची हाय.”

“म्या येतो.”

त्यांची सून व्हरांड्यात आली होती.  ती आत जाऊन पाण्याची सुरई आणि भाकरीचं गाठोडं घेऊन आली आणि माझ्याशेजारच्या सीटवर ठेवलं. आबांनी ते उचलून मांडीवर घेतलं आणि तिथंच बसले. पुढं. मागं बसा असं म्हणायचा मला धीर झाला नाही, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

नळदुर्गापर्यंत आम्ही काही बोललो नाही. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. पदर नाकावर बांधलेले, त्यामुळं सगळ्या सारख्याच दिसत. माझी आई असती तर यांच्यातच असती, असं मनात आलं. मागच्या दाराच्या पोकळीत काचेचे दाणे पडून राहिले होते. खड्डा आला की ते खुळखुळायचे. आबा प्रत्येक वेळी मान वळवून बघायचे.

उमरग्याला हायवेच्या कडेनं गॅरेजं होती. काचवाला कमरेला लुंगी गुंडाळून ट्रकच्या टपावर चढला होता. खाली येऊन त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

“इसका काच इधर नै मिलता, भाई. बंबई में भी मिला तो नसीब.”

“मग काय करायचं?”

“करते ना. क्यूं नै करते.”

त्याच्याकडं मोडीत निघालेल्या बसची पुढची काच होती, सपाट, दोन काचांमध्ये पापुद्रा चिकटवलेली. त्यातून तुकडा कापून देतो म्हणाला. रंग जुळणार नाही, ही पांढरी दिसेल. मी हो म्हणालो. त्यानं पलीकडच्या दाराच्या काचेवर पुठ्ठा धरून आकार काढला, मग फुटक्या दाराचं आतलं अस्तर सोडवलं. पोकळीतून काचेचे दाणे ओंजळीओंजळीनं बाहेर काढून तो एका डब्यात टाकू लागला. आबा ते थोडा वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, “चल, तिकडं बसू.”

लिंबाखाली एक बाज पडली होती. त्यांनी गाठोडं सोडलं, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. बंगल्यात माझा कप खिडकीत वेगळा असायचा. मी जरा थांबलो. ते म्हणाले, “खा की. मिरचीचा ठेचा हाय, पाणी जवळ ठेव.”

खाता खाता, मी काही न विचारता, ते बोलायला लागले.

“लोकास्नी वाटत असंल, जीव घाबरला म्हणून ह्या म्हाताऱ्यानं काच फोडली. घरात वळखलंय समद्यांनी, बोलत कुणी न्हाय. पर जिवासाठी न्हाय फोडली म्या.”

“मग?”

“गावची माणसं जात हुती गाडीजवळनं. माझ्या वळखीची. म्या हाक मारली. एकजण तर काचंला नाक लावून बघाय लागला. म्हणलं, आता दार उघडंल. तर त्यानं मिशा नीट केल्या अन् गेला.” आबा थांबले. “त्याला त्याचंच तोंड दिसत हुतं. मी न्हाय.”



“मग माझा दोस्त आला. लहानपणी आमी एकाच हिरीत पोहायला शिकलो. दाराला टेकून खाली बसला. त्याचा पटका मला दिसत हुता, इथं, हाताच्या अंतरावर. म्या काच वाजवली. हाका मारल्या. ते मशीन घरघरतंय. तो तंबाखू मळतोय. मला वाटलं, आपुन मेलो बहुतेक. मेल्यावर असंच असंल, समदी दिसत्यात आन कुनाला आपुन दिसत न्हाय. मग काठी हाणली.”

काचवाल्यानं कापलेल्या काचेच्या रेघेवर, मधला पापुद्रा सुटावा म्हणून, स्पिरिट ओतून काडी लावली होती. निळी ज्योत रेघेवरून पळत गेली. आबांचं तिकडं लक्ष नव्हतं.

“त्याला काय लागलं का रं? काच त्याच्यावर पडली. तवापासनं कुणी सांगतच न्हाय.”

तेव्हा मी सांगितलं. लागलं नाही, पण दगड त्यानंच मारला असं ठरलं, आणि त्याची बैलं छावणीतून बाहेर काढली.

आबांनी हातातली भाकरी गाठोड्यात परत ठेवली. रागावले नाहीत. मग विचारलं, “ठरवलं कुणी?”

मी पलीकडं गाडीकडं बघितलं. त्यांना तेवढं पुरलं.

काच बसायला दुपार कलली. काचवाल्यानं चावी लावायला सांगितली, बटण दाबलं. काच किंचित कुरकुरत वर गेली, खाली आली. तो खूष होऊन आबांना म्हणाला, “देखो बाबा, मक्खन.” आबांनी मान हलवली. गाडीत बसल्यावर म्हणाले, “काचा समद्या खाली घे. आन छावणीवर चल.”

वाटभर धूळ आत येत होती. आम्ही दोघंही पांढरे झालो.

छावणीच्या बाहेर, वाटेच्या कडेला एक बाभूळ होती. तिच्याखाली तो म्हातारा बसला होता, बैलं खोडाला बांधलेली. आतली माणसं गुपचूप पेंढीभर कडबा आणून टाकत, त्यावर ती तगून होती. बैलांच्या फासळ्या लांबूनही दिसत होत्या. गाडी बघून तो उठून उभा राहिला आणि पटका सावरू लागला. आबा त्याच्याकडं गेले नाहीत. आधी ते सरळ छावणीत गेले. मशीन बंद करायला लावलं. माणसं जमली.

“काच म्या फोडली,” आबा म्हणाले. “आतनं. ह्या काठीनं. त्याची बैलं आत घ्या.”

मुकादम चुळबुळला. “साहेबांस्नी विचारावं लागंल, आबा.”

“विचार. म्या भाईर बसतो तवर.”

मग ते बाभळीखाली आले आणि दोस्ताशेजारी जमिनीवर बसले. मी जरा लांब उभा होतो, पण ऐकू येत होतं.

“तू आत हुतास?” दोस्तानं विचारलं.

“व्हय.”

“मग हाक का न्हाय मारलीस?”

“मारली की.”

 दोस्तानं चंची उघडली, तंबाखू मळली आणि अर्धी आबांच्या तळहातावर ठेवली.

दिवस मावळायला आला तसा मी जवळ जाऊन म्हणालो, “आबा, निघायचं का?”

“तू जा, लेकरा. म्या राहतो हितं.”

“घरी काय सांगू?”

“राहिला म्हणून सांग.”

मी एकटाच परत निघालो. सकाळी गाडीत आम्ही दोघं होतो, तेव्हाही फारसं बोललो नव्हतो. तरी शेजारची ती रिकामी जागा मला वाटभर जाणवत राहिली. सुरई त्या सीटवरच राहिली होती. ती पडू नये म्हणून मी एक हात तिच्यावर ठेवून गाडी चालवत होतो.

साहेब दौऱ्यावरून आले होते. त्यांनी आधी काच बघितली. बोट फिरवलं, दोन दारांच्या काचांचे रंग ताडून पाहिले. “चालेल,” म्हणाले. मग विचारलं, “आबा?”

मी झालं ते सांगितलं.

“लोक होते तेव्हा?”

“होते, साहेब.”

 मला वाटलं होतं, चिडतील, मला काढून टाकतील. तसं काही झालं नाही. हात झटकून ते आत गेले. दुसऱ्या दिवशी बैलं छावणीत घेतल्याचं कळलं. साहेब त्या छावणीवर पुन्हा गेले नाहीत. जीप पाठवायचे, किंवा दुसऱ्या कुणाला. काही दिवसांनी मला संघाच्या ट्रकावर बदललं, आणि मी चारा घेऊन तिथं जाऊ लागलो. आबा दोस्ताच्या पालात दिसायचे. मला बघून हात वर करायचे. ट्रक रिकामा होईपर्यंत मी त्यांच्याजवळ बसायचो. माझ्यासाठी ते सरकून जागा करून देत, आणि मग दोघं बैलांकडं बघत बसत. त्यांच्यात मी एक तिसरा, पण मला परकं वाटायचं नाही. ट्रक सुरू केला की मात्र वाटायचं.

पाऊस पडून माळावर गवत आलं तशी छावणी मोडली. आबा बंगल्यावर आलेच नाहीत. दोस्ताबरोबर परस्पर गावाला गेले. त्यांचं अंथरूण आणि कपडे पोचवायला मला सांगितलं. सुनेनं स्वतः घड्या घालून वळकटी बांधली आणि माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. एवढ्या दिवसांत ती माझ्याशी कामापलीकडं कधी बोलली नव्हती.

“तुम्ही जाता तिकडं, नाही का? बरे आहेत ना ते?”

“हो, बरे आहेत.”

“काय बोलतात दोघं दिवसभर?”

“फार काही बोलत नाहीत, वहिनी.”

तिनं मान हलवली. साहेब मुंबईला होते, मुलं शिकायला पुण्याला. तिच्यामागं बंगल्याची सगळी दारं उघडी होती आणि आत पंखा चालू होता. आणखी काही विचारायचं असल्यासारखी ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, “त्यांना सांगा, खोली झाडून ठेवते रोज.”

मी वळकटी ट्रकात, माझ्या शेजारी ठेवली आणि निघालो.