लाल पट्टीची पाकिटं

मारोती सोनकांबळे बहात्तरच्या दुष्काळात नांदेडकडून निघाला आणि वाशीत आला, तेव्हा इथे भराव घालायचं काम चालू होतं. काही वर्षं त्याने पाट्या वाहिल्या. खाडीच्या अंगाला आमचं धर्मादाय हॉस्पिटल उभं राहिलं, तेव्हा बांधकामावरचा हमाल म्हणून आला आणि तिथेच राहिला. सातवी शिकलेला होता, आकडे चुकत नव्हता, म्हणून एकोणऐंशी साली त्याला एक्स-रेच्या रेकॉर्ड रूमवर नेमलं. मी तिथेच ऑफिसात टायपिस्ट होते. तो मला बाई म्हणायचा, मी त्याला मारोतीराव.

रेकॉर्ड रूम तळमजल्यावर होती. खाडीची ओल भिंतीतून यायची आणि पावसाळ्यात फिल्मा एकमेकींना चिकटायच्या. मारोतीराव एकेक फिल्म कडेने सोडवायचा, मध्ये कागद घालायचा, पंख्याखाली उभी करून सुकवायचा. असं करायला त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

कोबाल्ट मशीनवर किरणांचा शेक घेणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटांची पाकिटं त्याने वेगळ्या मांडणीवर ठेवली होती, लाल पट्टी चिकटवून. त्यात एक फिल्म असायची. अंगावर शिशाची तार ठेवून काढलेली. शेक कुठपासून कुठपर्यंत द्यायचा ते त्या तारेवरून कळायचं. सोबत किती दिला त्याचं कार्ड. हा शेक देणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्याला एकदा बजावलं होतं, "मारोती, हे पेशंट पाच वर्षांनीसुद्धा परत येतात. एकाच जागी दुसऱ्यांदा पुरा शेक बसला तर आतून जळतं." एवढं त्याला पुरलं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात व्यवस्थापकांना ती खोली औषधांच्या साठ्यासाठी हवी झाली. फिल्मेतली चांदी काढणारा एक व्यापारी सगळं उचलायला तयार होता. हुकूम निघाला, तीन वर्षांपूर्वीचं सगळं काढा.

मारोतीराव व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेला. मी डिक्टेशन घेत तिथेच बसले होते.

"साहेब, बाकीचं न्या. लाल पट्टीवाले तेवढे राहू द्या. मी ते जिन्याखाली ठेवतो."

"रजिस्टरात नोंद आहे ना? मग झालं."

"रजिस्टरात नुसतं छाती, पंचवीस वेळा, एवढंच हाय साहेब. कुठून कुठवर ते फिल्मेतच दिसतंय."

"तू डॉक्टर आहेस का?"

तो बाहेर आला आणि मला म्हणाला, "बाई, मला एक अर्ज टाईप करून द्या." मी दिला. त्याने सही करून तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरबाई तेव्हा महिनाभर रजेवर होत्या. चौथ्या दिवशी टेम्पो आला आणि लाल पट्टीवाल्यांसकट सगळं घेऊन गेला. माल दिल्याच्या कागदावर सही मारोतीरावाचीच घेतली.

पुढच्या वर्षी जुलैत जासईहून पुतळाबाई घरत आल्या. ब्याऐंशी साली त्यांच्या छातीला शेक दिला होता आणि त्या बऱ्या झाल्या होत्या. आता मानेखाली पाठीचा कणा इतका दुखत होता की उताणं झोपता येत नव्हतं. डॉक्टरबाईंनी जुनं पाकीट मागवलं. मारोतीराव रिकाम्या हाताने वर आला.

डॉक्टरबाईंनी पुतळाबाईंनाच विचारलं, तेव्हा शेकाच्या खुणा अंगावर कुठपर्यंत होत्या?

त्यांनी गळ्याखाली बोट ठेवलं. मग थोडं वर सरकवलं. "हितवर निली शाई होती. का आनखी वर... आता ध्यानात नाय बाई."

डॉक्टरबाईंनी दोन दिवस थांबून पाहिलं. दुखणं बघवेना, तेव्हा अंदाजाने, बेताचा शेक दिला. दुखणं कमी झालं. दिवाळीला नवऱ्याने, गोटीरामने, डिपार्टमेंटला करंज्या आणून दिल्या.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये पुतळाबाईंच्या पायातली ताकद गेली. पंधरा दिवसांत कमरेखाली काही उरलं नाही. आजार पसरला की दोन शेक एकावर एक पडले, हे जुनी फिल्म असती तर बघता आलं असतं. डॉक्टरबाईंनी तसं लिहून दिलं.

मारोतीराव रविवारी जासईला गेला. परत आल्यावर त्याने मला सगळं सांगितलं. पुतळाबाई ओटीवर गोधडीत होत्या, गोटीराम त्यांची कूस बदलत होता. मारोतीरावाने उभ्यानेच सांगितलं की तुमच्या बाईची फिल्म विकली, आणि कागदावर माझी सही आहे.

गोटीरामने गोधडी सारखी केली. मग म्हणाला, "आमाला कोनी सांगला नाय. जमीन सरकारात गेली तवापन असाच झाला, कागद दुसऱ्याच्या हातान. तू आला, सांगला. आता जा."

मे महिन्यात पुतळाबाई गेल्या. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या.

गोटीरामने तक्रार दिली, चौकशी बसली. व्यवस्थापकांनी सांगितलं, रेकॉर्डवाल्याने न विचारता माल दिला, सही त्याचीच आहे. मारोतीराव म्हणाला, मी अर्ज दिला होता. अर्ज फाइलमध्ये नव्हता. कार्बन कॉपी माझ्या टेबलाच्या खणात होती. माझ्या नवऱ्याची कंपनी तेव्हा संपात बंद पडली होती, घरात माझाच पगार. चौकशीवाल्यांनी मला विचारलं, असा अर्ज तुम्ही टाईप केलात का? मी म्हटलं, रोज इतके कागद टाईप होतात, आठवत नाही.

मारोतीराव समोरच बसला होता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. त्याची नोकरी गेली.

पुढच्या वर्षी तळोज्यात एका केमिकल कारखान्याच्या गेटवर तो वॉचमन आहे असं कळलं. मी गेले. वासाने घसा धरत होता. त्याने स्टूल पुढे केलं, त्याच्या बायकोची, रखमाची, खबर मीच विचारली. मग मी ती कॉपी त्याच्या हातात दिली आणि रडले.

त्याने वाचली. घडी घालून परत दिली.

"आता मला काय करायची बाई? तुमचंबी घर होतं." मग म्हणाला, "गोटीरामला द्या. हॉस्पिटलवरची त्याची केस कोर्टात अजून चालू हाय म्हणतात."

गेटवर ट्रक आला, तो उठून साखळी काढायला गेला.

मी त्या दिवशी जासईची एसटी पकडली नाही. त्यानंतरही नाही. गोटीरामची केस पुराव्याअभावी निकाली निघाली.