डावीकडं बघ, बाय

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलेय, पण खरं सांगते, करमणूक म्हणून. चहा पिता पिता वाचायचं आणि मनात म्हणायचं, काहीतरी साधं कारण असणार, यांना सापडलं नाही एवढंच. आज मीच लिहायला बसलेय आणि कारण मलाही सापडलेलं नाही.

आमचं घर जयगडच्या खाडीकाठी. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून घरातले अंगारे, गाऱ्हाणी, राखणदाराला राखण देणं सगळं थांबलं ते थांबलंच. माझे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो – प्राथमिक शाळेत शिक्षक होते. नोकरीची शेवटची वर्षं संगमेश्वर तालुक्यात गेली. शाळेच्या मागच्या वडावर कायतरी ओरडतं, असं पोरं घाबरून सांगू लागली की अण्णा सगळा वर्गच वडाखाली न्यायचे आणि ढोलीतलं घुबड दाखवायचे. "हे बघा तुमचं भूत. त्यालाच तुमची भीती वाटतेय." अशा माणसाची मी मुलगी.

पक्षी बघायला मला त्यांनीच शिकवलं. रविवारी ओहोटी बघून आम्ही खाडीच्या बांधावर जाऊन बसायचो. थंडीत गाळावर बारकी बारकी चिखलपाखरं उतरतात, दुरून सगळी सारखीच दिसतात. अण्णांचा एक नियम होता. पक्ष्याकडे बोट करायचं नाही, हात हलला की उडतो. शब्दांनी दाखवायचं. मग ते हळू आवाजात, भूगोल शिकवल्यासारखं सांगायचे, "बांध धर. बांधावरून पाण्याकडे ये. दगडाच्या अलीकडं, बाय." आणि मला दिसायचा.

एक पक्षी मात्र त्यांनी मला कधी दाखवला नाही, कारण त्यांनी स्वतःच पाहिला नव्हता. चिमणीएवढी तुतारी, म्हणजे चिखलपाखरूच, पण चोचीचं टोक चमच्यासारखं पसरट. इंग्रजीत स्पून-बिल्ड सँडपायपर. जगात फार थोडे उरलेत. हिवाळ्यात त्यातले काही थायलंडच्या मिठागरांवर येतात. आमच्या रत्नागिरीच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपने तिकडची सहल ठरवली, तेव्हा अण्णांचं आणि माझं अशी दोन नावं मी लगेच दिली. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. फोटोत ते इतके गंभीर दिसत होते की आई म्हणाली, "हे शाळा तपासायला निघालेत काय?"

आणि पावसाळ्यात अण्णांना झटका आला.

उजवी बाजू गेली. हळूहळू पाय थोडा सुधारला, वाचा मात्र आली नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. ज्या माणसाने उभा जन्म पोरांना शब्द शिकवले, त्याच्यासमोर मी संध्याकाळी चित्रांची कार्डं धरून बसायचे. पाणी. घर. मासा. ते ओठ जुळवायचे, मानेच्या शिरा ताणायच्या, आणि फक्त "द... द..." एवढंच बाहेर यायचं. मग ते डाव्या हाताने कार्ड हळूच उलटं ठेवायचे. बस झालं आज, असं.

सहल रद्द करायची मी ठरवलं होतं. अण्णांना तसं सांगितलं तर त्यांनी डाव्या हाताने खुंटीवरची दुर्बीण काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि माझा खांदा ढकलला. मी नको म्हणाले. पुन्हा ढकलला, या वेळी रागाने.

आई म्हणाली, "जा म्हणतायत गो. नाय गेलीस तर जेवायचे नायत. मी हाय ना इथं."

तर जानेवारीत मी गेले.

ती मिठागरं बँकॉकपासून गाडीने दोनेक तासांवर आहेत. सकाळची वेळ होती, ऊन चांगलं वर आलेलं. चौकोनी वाफे, मधून मातीचे बांध, खारट-कुबट वास... डोळे मिटले असते तर आपल्याच खाडीवर आहे असं वाटलं असतं. वाफ्यांमध्ये शेकडो चिखलपाखरं होती. आमची गाइड, एक हसरी थाई बाई, उजवीकडच्या वाफ्यावर स्कोप लावून एकेक पक्षी तपासत होती. तिच्या मते तो तिकडेच होता. सगळ्यांच्या लेन्स उजवीकडे. माझ्या शेजारी माझी मैत्रीण मीनल होती. बराच वेळ गेला, डोळ्यांना पाणी यायला लागलं.

तेवढ्यात माझ्या मागून, अगदी कानाशी, आवाज आला.

"डावीकडं बघ, बाय. बांधाच्या कडेला. मान हलवत चाललाय बघ."

आठवण झाली, भास झाला, मनात आलं – असं काही नाही. कानाने ऐकलं. अण्णांचा आवाज, झटक्याच्या आधीचा, बांधावरचा, हळू आणि स्वच्छ. मला नवलही वाटलं नाही, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. लहानपणापासून त्या आवाजाने सांगितलं की बघायचं, एवढंच शरीराला ठाऊक. मी डावीकडे वळले.

बांधाच्या कडेला, उथळ पाण्यात, एकटाच. चोच पाण्यात बुडवून मान इकडून तिकडे फिरवत चालला होता. त्याने डोकं वर काढलं आणि तो चमचा मला स्पष्ट दिसला.

"दिसला, अण्णा," मी म्हणाले. मोठ्याने.

"घाई करू नको. श्वास सोड, मग घे फोटो."

मी श्वास सोडला आणि फोटो घेतले. मग मागे वळले. मागे रिकामा बांध होता आणि लांब आमची गाडी उभी होती.

मीनल माझ्याकडे बघत होती. "कोणाशी बोललीस?"

"तू काही ऐकलंस?"

"तुझंच. दिसला अण्णा, म्हणालीस." मग तिचं लक्ष बांधाकडे गेलं आणि तिने गाइडला हाक मारली. सगळ्यांनी पक्षी पाहिला, आनंदाने मिठ्या मारल्या. मी वाफ्याच्या कडेला खाली बसले होते. मला एकच भीती होती. अण्णा गेले.

मिठागरावर माझ्या फोनला रेंज नव्हती. दुपारी जेवणाच्या ठिकाणी वायफाय मिळालं आणि आईचे मिस्ड कॉल ओळीने दिसले. फोन लावताना मी मीनलचा हात धरून ठेवला होता.

आई रडत होती. "बाय, अण्णा बोलले गो!"

जिवंत आहेत, एवढंच कळलं.

ओटीवर खुर्चीत बसवून ती त्यांना पेज भरवत होती. त्यांनी अचानक चमचा बाजूला केला, ताठ बसले आणि तोंड उघडलं. शब्द जड, लोळागोळा झालेले, पण शब्द. "काय म्हणाले?" मी विचारलं. मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. फोटो कुणाला पाठवला नव्हता, मीनलनेही नाही.

"डावीकडं बघ म्हणाले. बांधाच्या कडेला म्हणाले. मला वाटलं, परड्यात गुरं शिरली. मी डावीकडं बघतेय तर काय नाय. मग जरा गप बसले, कुणाचं ऐकतायत असे. आणि म्हणाले, घाई करू नको. आणि हसले गो. मग परत कायच नाय."

आपल्या आणि तिकडच्या घड्याळात दीड तासाचा फरक. मी पुढे-मागे करून पाहिलं. साधारण तीच वेळ.

परत आल्यावर मी तशीच बॅगसकट त्यांच्यासमोर जाऊन बसले. लॅपटॉपवर फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्या चोचीच्या टोकावर ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही होतात ना तिथं? एकदा बोला. एकदाच."

त्यांनी प्रयत्न केला. खूप प्रयत्न केला. "द... द... द..." डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा मीच त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "राहू दे, अण्णा. मी ऐकलंय."

त्यानंतर ते बोलले नाहीत. फेब्रुवारीत आंब्याला कणी धरली तेव्हा दुसरा झटका आला आणि ते गेले. मी तेव्हा त्यांच्या उशाशीच होते. कान देऊन बसले होते. काहीच ऐकू आलं नाही.

डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, वाचा गेलेला माणूस कधी कधी एखादं जुनं, सवयीचं वाक्य अचानक बोलून जातो. तुम्हाला तर ते वर्षानुवर्षं तेच सांगत आले होते. बरोबर आहे. पण मग मी काय ऐकलं? मीनल म्हणते, ताण होता, ऊन होतं, त्यांची आठवण होती. तेही बरोबर. दोन्ही कारणं आपापल्या जागी पटतात. एकत्र ठेवली की मात्र काही पटत नाही. आणि डावीकडे तो पक्षी होता, हे तर कशातच बसत नाही.

अण्णांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना संपून दुपारी माणसं पांगल्यावर आई आणि मी ओटीवर बसलो होतो. समोर खाडीत एक जहाज बंदराकडे वळत होतं. आई जहाजाकडे बघत होती. मग म्हणाली, "इतक्या महिन्यांनी तोंड उघडलनी, पण माझं नाव नाय घेतलनी." तक्रार नव्हती. नुसतं सांगत होती.

जहाज नजरेआड झालं, तेव्हा तिने विचारलं,

"तुला तिकडं कसा आला गो आवाज? मला आला तसा, लोळागोळा?"

"नाही आई. पूर्वीचा. चांगला होता तेव्हाचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्या शेजारी बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. हाताच्या अंतरावर बसून तिने त्यांना रोज घास भरवला, आणि तो आवाज गेला माझ्याकडे, समुद्रापलीकडे.

"म्हणून दाखव ना," ती म्हणाली. "ते म्हणाले तसं. एकदा."

मी घसा साफ केला. "डावीकडं बघ, बाय," म्हणाले. हळू, त्यांच्यासारखं म्हणायचा प्रयत्न केला.

आईने डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली.

"नाय," ती म्हणाली. "असा नव्हता."