माझा पेपर बाहेर आला

आधी चहा घ्या, कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघाल. मी पोलीस ठाण्यात जाऊन आले आहे. तेही एकटी नाही, अख्खी एसटी घेऊन!

तुम्हाला माहीतच आहे, मी धानाच्या जीनोमवर काम करते. म्हणजे धानाच्या पेशीत पिढ्यान्‌पिढ्यांचा जो मजकूर साठलेला असतो तो वाचायचा, आणि त्यावर शोधनिबंध लिहायचा. त्या निबंधाला आम्ही लोक 'पेपर' म्हणतो. इथंच घात झाला.

कुरखेड्याहून जुन्या वाणांच्या लोंब्या घेऊन मी गडचिरोलीच्या गाडीत बसले. गाडी खचाखच. का? तर दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला भरतीची लेखी परीक्षा. पोरंपोरी मांडीवर पुस्तकं उघडून पुटपुटत होती. मला त्याचं काय? मी खिडकीशी लोंब्या सांभाळत बसले होते.

तेवढ्यात मोबाइलवर मेल आला. सुवासिक धानावरचा आमचा निबंध, संपादकांनी कधीपासून लटकवून ठेवलेला, छापून आला होता! मी लगेच नागपूरला मोनालीला फोन लावला. मोनाली म्हणजे माझी प्रयोगशाळेतली जोडीदार. रस्ता जंगलातला, रेंज जेमतेम. म्हणून ओरडले.

"मोनाली! आपला पेपर बाहेर आला!"

गाडीतली पुटपुट थांबली. मी मनात म्हटलं, किती समजूतदार मुलं!

"हो गं, आत्ताच! पैसे भरल्याशिवाय उघडत नाही, पण फाइल आहे ना माझ्याकडे! पाहिजे त्याला गुपचूप पाठवून देऊ. उद्या सगळ्यांच्या हातात असेल!"

शेजारचा पोट्टा कानाशी आला. "मॅडम, मले बी पाठवा न."

आता तुम्हीच सांगा, एखादा तरुण आपणहून तुमचा शोधनिबंध मागतो, तेव्हा माणूस 'कशाला' असं विचारतो का? मी त्याचा नंबर घेतला!

पुढच्या सीटवरची मुलगी ताडकन उठली. "आमी कायले अभ्यास करून राह्यलो मंग? कंडक्टरभाऊ, गाडी ठाण्यात घ्या!"

"बसा सगळे. कोणी उतरू नका," कंडक्टर म्हणाला. आणि आरमोरीला गाडी खरंच ठाण्यात गेली.

ठाणेदार शांत माणूस. समोर मी, बाजूला ती मुलगी.

"मॅडम, पेपर तुमीच बाहेर काढला?"

"हो." खोटं कशाला बोलू?

"याच्या आधी?"

"बरेच काढलेत." आवाजात अभिमान आपोआपच आला.

"एकट्याच?"

"छे! टीम आहे. एकजण तर जपानला असतो."

"जपानले!" ठाणेदारांनी पेन खाली ठेवलं. हवालदारानं दार लोटून घेतलं.

"पेपर कुठी कुठी गेला?"

इथं तरी मी सावध व्हायचं की नाही? पण संशोधकाला हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारत नाही हो!

"जगभर," मी म्हणाले.

मुलगी रडायलाच लागली. "साहेब, या भरतीवाचून काई नाई माह्याजवळ. यंदा नाई झालं तं वय निघून जाईन माहं."

तिचा चेहरा पाहिला आणि माझी ट्यूब पेटली. घाईघाईनं मी निबंध उघडून तिच्याच हातात मोबाइल दिला. तिनं डोळे पुसत वरून खालपर्यंत पाहिलं.

"साहेब, यात प्रश्नच नाई. धानाचे फोटो आहेत."

पण ठाणेदारांना खात्री पाहिजे होती. मी मागचे निबंधही उघडून दाखवले. प्रत्येकाखाली लिहिलेलं असतं, पुढे कोणकोणत्या संशोधकानं त्याचा आधार घेतला. जितकी नावं जास्त, तितका आमच्यात मान. ठाणेदार बोटानं खाली, आणखी खाली सरकवत गेले.

"याचा आधार कोणी घेतला?"

"मोनालीनं."

"अन् मोनालीच्या पेपरचा?"

"मी."

"जपानवाला?"

"त्याचं वाचन चालू आहे."

ठाणेदारांनी मोबाइल अलगद परत दिला. मुलीला म्हणाले, "जाय बाई, बिनधास्त परीक्षा दे." मग हवालदाराला सांगून माझ्यासाठी चहा मागवला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पेपर फुटल्याची बातमी वरच्या साहेबांपर्यंत पोचली होती. ठाणेदार उठून उभे राहिले आणि माझ्याकडे पाहून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"नाई सर, फुटला नाई. फुटला असता तं कोणीतरी वाचला असता."