सगळं बरं आहे

माझ्या वहिनीच्या पायाला भिंगरी आहे. जेवतानाही ती मध्येच उठते. अशा बाईने समुपदेशक व्हावं, तासन्‌तास खुर्चीत बसून लोकांचं ऐकावं, याचं आम्हाला घरात फार हसू यायचं. पण आपला देश सोडून, जीव मुठीत धरून इथे आसरा मागायला आलेली माणसं तिच्याकडे येतात आणि ती त्यांच्यासाठी जिवाचं रान करते. ती जिथे काम करते त्याच केंद्रात, येणाऱ्यांची नोंद करायला दाराशी मी बसते.

मध्यंतरी एक शिवणकाम करणारी बाई यायची. झोप उडालेली, कपडे अंगावर लोंबणारे. तिला इथे राहू द्यायचं की परत धाडायचं, याची सुनावणी तोंडावर आली होती. तिकडे तिच्यावर काय गुदरलं ते ती वहिनीजवळ बोलली, तरच वहिनीला तिच्या बाजूने काही लिहून देता येणार होतं. आणि बाई तोंड उघडेना.

वहिनीने जंग जंग पछाडून तिच्याच मुलखातले एक वयस्कर दुभाषी गाठले. शांत, शब्दाला जपणारे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. "आपल्या माणसाजवळ मन मोकळं होतं गं," वहिनी मला ऐकवायची.

काका खोलीत आले की बाई ताडकन उभी राहायची. त्यांनी सांगितल्यावर खुर्चीच्या कडेला टेकायची. मग कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर, सगळं बरं आहे. काका तेच आमच्या भाषेत सांगायचे. वहिनी बाहेर येऊन येरझाऱ्या घालायची आणि ते बघून माझं डोकं फिरायचं.

"अगं, बस ना जरा एका जागी!"

"बसून काय करू? तिला परत पाठवतील!"

त्या संध्याकाळी घरी तिच्या हातून दूध उतू गेलं. बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी विचारलं, "सूनबाई, चेहरा का उतरलाय? काही होतंय का?"

वहिनी चटकन सावरून उभी राहिली. "काही नाही बाबा. सगळं बरं आहे."

आणि हातात फडकं धरून तशीच थबकली. दूध ओट्यावरून खाली ठिबकत होतं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मी तिच्यासमोर सासरा आणून बसवला गं."

दुसऱ्या दिवशी तिने दूरच्या शहरातली एक दुभाषी बाई फोनवर ठरवली. भाषा तीच, पण गोतावळा वेगळा. मी आत पाणी ठेवत होते, तेव्हा शिवणकामवाल्या बाईने आधी एवढंच विचारलं, "ही माझ्या घरच्यांना ओळखते का?" नाही म्हटल्यावर तिने फोन आपल्याजवळ ओढून घेतला. मी दार लावून बाहेर आले.

त्या गडबडीत काकांना कळवायचं राहून गेलं. ते नेहमीच्या वेळी हजर झाले आणि आतून रडणं ऐकू आलं. माझी पंचाईत झाली.

"काका, आज तुमचं..."

"कळलं," ते म्हणाले. "ती खोटं बोलायची, मला माहीत होतं बेटा. पण ती जे बोलेल तेच सांगायचं, हे माझं काम. घरी गेल्यावर घास उतरायचा नाही."

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"दार उघडल्यावर मी दिसलो, तर तिला पुन्हा बरं व्हावं लागेल," म्हणाले आणि मागच्या जिन्याने निघून गेले.