चिनीमातीची बखर

मोघेकाका कोणाकडेही गेले की चहा येण्याआधी रिकामा कप उचलून त्याचा तळ बघत. तळावरचा शिक्का वाचला की यजमानांविषयीचं मत त्यांच्या चेहऱ्यावर उमटे, आणि ते सहसा चांगलं नसे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहा आधीच ओतलेला होता. बोलण्याच्या नादात त्यांनी सवयीने भरलेला कप उलटा केला. सोफा, पँट, गालिचा सगळं भिजलं. "साधारण माल आहे," ते रुमालाने गुडघा पुसत म्हणाले.

"कळलं ना एकदाचं?" मोघेकाकू म्हणाल्या. "की अजून एक कप आणायला सांगू?"

सिंगापुरात यिशुनला ती दोघं आमच्या वरच्या मजल्यावर राहत. स्टॅफर्डशरमध्ये सहा पिढ्या कपबश्या बनवणाऱ्या एका इंग्रज घराण्याच्या कंपनीचं रॅफल्स प्लेसला लहानसं ऑफिस होतं, ते काका सांभाळत. हॉटेलांना ताटल्या विकणं हे त्यांचं काम. पण ते विकत घराणं. सकाळी ऑफिसला जाताना एमआरटीच्या गाडीत मला बसायला जागा मिळो न मिळो, बखर मिळायचीच. मूळ इंग्रजी नावं त्यांना पुरेशी भारदस्त वाटत नसावीत. त्यांनी पेशवाईच्या चालीवर थोरले, मधले, धाकटे अशी वाटणी करून टाकली होती. थोरल्यांनी गाढवांवरून माती आणून पहिली भट्टी बांधली. मधल्या दोघा भावांचं निळ्या रंगाच्या छटेवरून बिनसलं आणि एकाच कारखान्यात राहून ते मरेपर्यंत बोलले नाहीत. एवढं मला खरं वाटे. भाऊ अशाच विषयांवर भांडतात.

पण काकांचं दैवत म्हणजे बाईसाहेब, चौथ्या पिढीतल्या सूनबाई. नवरा गेला त्या सकाळी भट्टी पेटलेली होती. तेव्हाची भट्टी दोन-तीन दिवस जळे आणि मधेच विझली तर आतला सगळा माल वाया जाई. बाईसाहेब काळ्या कपड्यांत भट्टीसमोर खुर्ची टाकून बसल्या, त्या आग उतरेपर्यंत हलल्या नाहीत. "भट्टी पेटली की उठायचं नाही," हे काका पोरांच्या अभ्यासापासून फ्लॅटच्या खरेदीपर्यंत कशालाही लावत. माझी मुलगी एकदा म्हणाली, "देन टॉयलेट हाऊ, अंकल?" काकांनी तिला बखर पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

काकांची आई सांगलीला वारली, त्याच्या दुसऱ्या दिवशी इथे एका मोठ्या हॉटेलचं उद्घाटन होतं. माल आदल्याच दिवशी बंदरातून आलेला. काकू मुलांना घेऊन एकट्या सांगलीला गेल्या. अग्नी धाकट्या भावाने दिला. काका ऑफिसात खोकी उघडून ताटल्या तपासत बसले. काकू परत आल्या, त्यांनी काही विचारलं नाही. काकांनीच त्यांना बाईसाहेबांची गोष्ट सांगितली आणि पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले. त्या गोष्टीची त्यांना फार गरज होती. ती चालू झाली की मी काकूंकडे बघत नसे.

मग कंपनी विकायला निघाली. सहाव्या पिढीचे धाकटे साहेब सिंगापूरचं ऑफिस आवरायला आले, तेव्हा काकांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि मलाही. साहेबांचं मन वळवायचं, असा बेत होता. साहेब साठीचे, जड अंगाचे, दमलेले. काकांनी थोरल्यांपासून सुरुवात केली आणि बाईसाहेबांच्या खुर्चीपाशी आवाज खाली आणला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "माझी आजी?" ते म्हणाले. "ती वर जाऊन झोपली. दोन दिवस उठली नाही. कोळसा घालायला भट्टीवर माणसं होती, तिचं तिथे कामच नव्हतं. ती खुर्ची नंतरच्या एका जाहिरातीतली. जाहिरात चांगली चालली." मग म्हणाले, "मी जन्मभर स्वतःचं आडनाव छापलेल्या ताटल्यांत जेवलोय, मिस्टर मोघे. आता पुरे झालं."

काकू आतून गरम पुऱ्या घेऊन आल्या. "काय म्हणतात?"

"म्हणतात, बाईसाहेब झोपायला गेल्या होत्या."

काकूंनी साहेबांना दोन पुऱ्या वाढल्या. "शहाणी बाई," म्हणाल्या.

नव्या मालकांनी ताटल्या भलतीकडे बनवायला घेतल्या आणि तळावरचा शिक्का तेवढा तोच ठेवला. काकांना त्यांनी 'हेरिटेज अँबॅसिडर' केलं. हा हुद्दा बहुधा ज्याला वारसा मिळालेला नसतो त्याला देतात. पहिल्याच समारंभाला, एका हॉटेलच्या हॉलमध्ये, काकांनी बखर सांगितली. गाढवं झाली, निळा रंग झाला. बाईसाहेबांपाशी ते अडखळले. "नवरा गेला," ते म्हणाले, "आणि त्या वर जाऊन झोपल्या. भट्टीला त्यांची गरज नव्हती." लोकांना तो विनोद वाटला. हसले, टाळ्याही वाजवल्या. पुढच्या समारंभाला काकांना बोलावणं आलं नाही.

त्या पहिल्या समारंभाहून एमआरटीने परतताना ते माझ्याशेजारी टाय सोडून बसले होते.

"आई गेली त्या दिवशी आमच्या ऑफिसातली मिस लिम म्हणाली होती," ते म्हणाले. "मिस्टर मोघे, यू गो होम, आय ओपन द बॉक्सेस. मीच नको म्हटलं."

"काकूंना सांगितलंत हे?"

"साहेब जेवून गेले ना, त्याच दिवशी सांगायला घेतलं. तर म्हणाली, माहीत आहे. लिमने तेव्हाच तिला फोन केला होता, सांगलीला."

पलीकडे एक बाई झोपलेल्या बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. काकांनी उठून तिला जागा दिली आणि दांडी धरून माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"इतकी वर्षं माझी गोष्ट ऐकून घेतली रे तिने," ते म्हणाले. "एकदाही मधे बोलली नाही."