पत्रिकेतला कोरा रकाना

महाडच्या एका छापखान्यासाठी मी लग्नपत्रिकेचा मजकूर तयार करणारा प्रोग्राम लिहिला होता. रकान्यांत नावं भरली की पत्रिका तयार. कुणाला श्री., कुणाला सौ., कुणाला कै., सगळे नियम माझे. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी छापखान्याच्या मालकांचा फोन आला, "बाई ऐकत नाहीत, तुम्हीच या." गेलो. कापडे गावाहून आलेल्या एक बाई लेकीच्या पत्रिकेचं प्रूफ धरून उभ्या होत्या. त्यात नवऱ्याच्या नावाआधी कै. होतं आणि बाईंना श्रीमती करून टाकलं होतं.

"माजा मालक जिता हाय," त्या म्हणाल्या. "मुंबईला हाय. आठ वर्सं घरी येत नाय, एवढंच. गावात आधीच कुजबूज. ही पत्रिका वाटली तर लेकीला हळद लावायला मला पुढं येऊ देतील काय?"

मी ट्रेस लावला, म्हणजे प्रोग्रामने कुठला नियम कधी लावला त्याची ओळीने नोंद. अशा वेळी माझा पहिला संशय माहिती भरणाऱ्यावर. निमंत्रकांत वडिलांचा रकाना कोरा होता. बाईंनी तो मुद्दामच तसा ठेवला होता.

"जो येनार नाय त्याच्या नावानं लोकांना कशी बोलावू?"

बिनतोड होतं. मी पुढे वाचत गेलो आणि सापडलं. रकाना कोरा, म्हणजे वडील हयात नाहीत. मुलीच्या नावातून त्यांचं नाव उचल, कै. लाव, आईला श्रीमती कर. यंत्राने सांगितलेलं काम चोख केलं होतं. नियम लिहिताना मी चाचणीला आमच्याच घरची नावं भरली होती. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. तो रकाना कोरा असण्याचं दुसरं काही कारण मला सुचलंच नव्हतं. मला लाज वाटली.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. वडील हयात आहेत का हे वेगळं विचारायचं, आणि एकट्या आईने बोलावल्याचं वाक्य घालायचं. ते आजवर नव्हतंच. नवं प्रूफ निघालं. सौ., पुढे बाईंचं नाव, आणि कन्येच्या विवाहाला यायची विनंती.

बाईंनी बोट फिरवत दोनदा वाचलं.

"असं एकटीच्या नावानं छापता येतं?"

"येतं की."

"मग थोरल्या लेकीच्या येळी कोन बोललं नाय ते? दिराच्या पाया पडून त्याचं नाव घातलं व्हतं मी."